मरीमायची बोळवण

"ते इकडेच येताहेत," केशब बैरागी आमच्या अंगणात येऊन म्हणाले. "अख्खं कोसमटोला आहे. पुढे ढोल वाजतोय."

बाबा बैलाच्या खुराला हळद आणि तेल लावत होते. त्यांनी बैलाचा पाय खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"भांडायला येताहेत?" बाबांनी विचारलं.

"भांडायला आले असते तर बरं झालं असतं. त्यांची रोगाची देवी आपल्या दारात आणून टाकायला येताहेत. आपल्या पोरांना मी काठ्या घेऊन शिवेवर बोलावलंय. तुम्ही चला, निबारणदा. बासंतीलाही घ्या. त्यांची भाषा तिलाच येते."

बासंती म्हणजे मी. चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हा. चंद्रपूर जिल्हा अजून अखंड होता, गडचिरोली वेगळा व्हायचा होता. आम्ही सीमेपलीकडच्या बंगालातले, खुलन्याकडचे. घरदार सोडून निघालो, बरीच वर्षं रायपूरजवळच्या कॅम्पात काढली आणि मग एके दिवशी ट्रकमध्ये बसवून आम्हाला इथे आणून सोडलं. जंगल तोडून सपाट केलेली जमीन, तिच्यावर पत्र्याच्या घरांच्या ओळी. सरकारने शेतीचा तुकडा दिला, बैल दिले, विहीर बांधून दिली. गावाला एक चांगलं बंगाली नावही दिलं होतं. ते कुणी वापरलं नाही. आजूबाजूचे लोक आम्हाला बंगाली कॅम्प म्हणायचे, अजूनही म्हणतात.

नाल्यापलीकडे कोसमटोला. गोंडांचं जुनं गाव. आमच्यात आणि त्यांच्यात भांडण नव्हतं, पण ओळखही नव्हती. तेही धानाचे लोक, आम्हीही धानाचे. बांधाच्या अलीकडे आम्ही रोवणी करायचो, पलीकडे ते करायचे, आणि कुणी कुणाकडे पाहायचं नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मी त्यांच्या मुलींबरोबर जंगलात जायची. पानांचे पुडे बांधता बांधता त्यांचं मराठी बोलणं माझ्या तोंडात बसलं. आमच्या गावात मोठ्यांपैकी कुणाला ते येत नव्हतं.

आईचं सांगायला हवं. कॅम्पात पटकीची साथ आली तेव्हा माझा थोरला भाऊ सुबल गेला. सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दिवे लागायच्या आत सगळं संपलं. त्या दिवशी कॅम्पात इतकी माणसं गेली होती की सगळ्यांना एकत्रच नेलं. आईला बरोबर जाता आलं नाही. कुठे जाळलं, तेही नंतर नीट कुणाला सांगता येईना.

आई रडली नाही. आमच्या घरात पितळेचा एक रांगता गोपाळ होता, तिच्या माहेराहून आलेला. खुलन्यापासून ती त्याला पोटाशी बांधून घेऊन आली होती. बंगाल्यांच्या घरात गोपाळ म्हणजे घरातलं मूल. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. सुबल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने तो गोपाळ बाबांच्या हातात दिला. म्हणाली, "तुम्हाला हवं तर तुम्ही घाला याला खायला. मी घालणार नाही."

तेव्हापासून बाबाच घालायचे. मुरमुरे, बत्तासा, जे असेल ते. त्यांना ते नीट जमायचं नाही. गोपाळाच्या तोंडाला साखर तशीच चिकटून राहायची, मुंग्या लागायच्या. आई शेजारून जायची आणि तिला ते दिसायचं नाही.

बाकी ती सगळं करायची. रांधायची, शेणाने सारवायची, रोवणीला उभी राहायची. हाक मारली तर ओ द्यायची. गावात संध्याकाळी केशब बैराग्यांच्या अंगणात कीर्तन व्हायचं. खोल, म्हणजे आमचा मातीचा मृदंग, वाजायचा, झांजा वाजायच्या, म्हातारी माणसं नाचता नाचता रडायची. केशबकाका म्हणायचे, हरिनाम नसतं तर त्या कॅम्पात आपली जनावरं झाली असती. ते खरंही असेल. सगळं गाव तिथे जायचं. आई जायची नाही. बोलवायला येणाऱ्या बायकाही हळूहळू यायच्या थांबल्या.

त्या वर्षी रोवणी आटोपली आणि कोसमटोल्यात पटकी आली. ते नाल्याचं पाणी प्यायचे, आमच्याकडे विहीर होती. कॅम्पात पोळल्यामुळे आमच्या बायका पाणी उकळल्याशिवाय कुणाला देत नसत. आमच्याकडे एकही माणूस आजारी पडलं नाही. त्यांच्याकडे घरामागून घर जात होतं. नाल्यावर भेटणाऱ्या मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

आम्ही शिवेवर पोचलो तेव्हा ढोल थांबला होता.

आमच्या घरांची पहिली ओळ जिथे सुरू होते, तिथे मोहाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या एका बाजूला आमची पोरं काठ्या घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला कोसमटोल्याची माणसं. पुढे त्यांचा पुजारी आयतू सिडाम, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला, हाडकुळा माणूस. त्याच्या शेजारी त्याची भावजय पोचूबाई. तिच्या डोक्यावर नवी कोरी टोपली. टोपलीत हिरवा खण, बांगड्या, कुंकू लावलेली लिंबं, तांदूळ. पोचूबाईची तरणी सून त्याच आठवड्यात गेली होती. त्यांच्यात ज्या घरात मौत झाली त्या घरच्या बाईने टोपली न्यायची असते, हे मला नंतर कळलं.

आयतू माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोरी, सांग यायले. आमाले भांडन नोको. ही मरीमाय हाये. गावात शिरली का आमी तिले ओटी भरून शिवेभायेर पोचवतो. या मोहाखाली टोपली ठेवली का थे जंगलात निघून जाते. आज्या-पंज्यापासून हाच रस्ता हाये. ठेवतो आन वापस जातो."

मी ते बंगालीत सांगितलं.

"त्याला सांग, इथे आता जंगल नाही," केशबकाका म्हणाले. "इथे माणसं राहतात."

"आमी नाही बोलावलं तुमाले," आयतू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो फार थकलेला होता.

"आम्हालाही इथे यायची हौस नव्हती, म्हणावं."

मी जसं होतं तसं सांगितलं. मागून एक तरणा माणूस ओरडला, "तुमच्यात एक नाही मेला. आमच्या घरोघरी तिरडी निघाली. काहून? काय केलं तुमी?"

हेही मी सांगितलं. आमच्या पोरांनी काठ्या वर घेतल्या. त्यांच्याकडेही कुऱ्हाडी होत्या, त्या खांद्यावरून हातात आल्या. केशबकाका म्हणाले, "एक पाऊल पुढे टाकलं तर परत जाणार नाहीत, हे सांग." दोन्हीकडची माणसं आपापल्या भाषेत जे म्हणत होती ते माझ्या तोंडून जात होतं, आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ती एकमेकांच्या जवळ सरकत होती.

आई कधी आली ते मी पाहिलं नाही. आमच्या पोरांमधून वाट काढत ती पुढे आली आणि पोचूबाईसमोर उभी राहिली. टाचा उंचावून तिने टोपलीत डोकावलं.

"कोण आहे ही?" तिने मला विचारलं.

"मरीमाय."

"कशाने मरताहेत लोक?"

"पटकीने."

"मग ही ओलाबीबीच." खुलन्याकडे पटकीच्या देवीला ओलाबीबी म्हणत. गावाबाहेर एका झाडाखाली तिची जागा होती. हिंदू, मुसलमान, सगळे तिथे बत्तासे ठेवायचे. आई पोचूबाईकडे पाहत होती. "विचार तिला, तिचं कोण गेलं."

मी विचारलं.

"सून," पोचूबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते.

"तिला सांग, टोपली मला दे. पुढे नदी आहे. तिथपर्यंत मी नेते."

"बौदी," केशबकाका म्हणाले. ते आईला वहिनी म्हणायचे. "काय करता आहात? हे तिला घरात घेण्यासारखं आहे."

"ती आमच्या घरी येऊन गेली आहे," आई म्हणाली.

केशबकाका एक पाऊल मागे सरले. बाबा माझ्यामागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी आयतूला सांगितलं, "माझी आई म्हणते, माय तिच्या घरी येऊन गेली आहे. ती टोपली नदीवर नेते म्हणते."

"कोन गेलं तुमचं?"

"माझा मोठा भाऊ."

आयतूने डोक्याचं फडकं सोडलं आणि तोंडावरून फिरवलं. "तरी पन पोरी, माय गावची असते. परक्याच्या डोक्यावर कशी द्याची तिले? रागावली तं वापस येईल."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत पोचूबाईने टोपली स्वतःच्या डोक्यावरून उतरवली आणि आईच्या डोक्यावर ठेवली. ना दिराला विचारलं, ना आणखी कुणाला.

आई वळली आणि आमच्या घरांच्या मधल्या रस्त्याने चालू लागली. पोचूबाई तिच्या मागोमाग. मग आयतू, मग त्यांचे लोक, मग आमचे. पोरांच्या हातांत काठ्या तशाच होत्या. त्या आता कुठे ठेवायच्या ते त्यांना समजत नव्हतं. ढोलवाल्याला वाजवायचं की नाही कळेना, तो नुसता ढोल धरून चालला. आमच्या बायका दारं लावून घेत होत्या आणि फटीतून पाहत होत्या.

नदी भरून होती. पाणी मातकट, वेगाने चाललेलं. काठाशी उतार आहे आणि थोडं पुढे गेलं की डोह. आमची पोरं मासे धरायला जायची, त्यांना तो माहीत होता. सगळे काठावर थांबले. आयतूने हात जोडून काहीतरी पुटपुटलं. मग मला म्हणाला, "आईले सांग, गुडघाभर पान्यात जाचं, टोपली सोडाची आन पाठीमागं न पाह्यता वापस याचं."

मी ओरडून सांगितलं. आईने ऐकलं की नाही कळलं नाही. ती पाण्यात उतरली होती. पोचूबाईही उतरली.

काठावरून मला एवढं दिसलं. टोपली पाण्यावर डोलत डोलत निघाली, हिरवा खण वर दिसत होता, आणि मग ती वळणाआड गेली. आई परतली नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात होती आणि पोचूबाई तिला चिकटून. दोघी काहीतरी बोलत होत्या. प्रवाहाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. आईचा पदर सुटून पाण्यावर पसरला होता. दोघी एकदा पुढे झुकल्या, मग मागे आल्या, मग पुन्हा पुढे. कुणी कुणाला हलवत होतं की पाणी हलवत होतं, सांगता येत नव्हतं. हे बराच वेळ चाललं.

"माय आंगात आली," आयतूच्या मागचं कुणी म्हणालं.

माझे बाबा पाण्याकडे निघाले. आयतूने त्यांच्या छातीवर आडवा हात धरला. "नोको जाऊ," तो म्हणाला. बाबांना भाषा येत नव्हती, पण ते थांबले.

मग दोघी वळल्या आणि बाहेर येऊ लागल्या. पोचूबाई पुढे, आईचं मनगट तिच्या हातात. काठाशी येता येता पोचूबाई मोठ्याने म्हणाली, "माय बोलली. हिच्या तोंडून बोलली. आता जातो मनली, वापस येत नाही मनली."

कोसमटोल्याची माणसं चिखलात आडवी झाली. आमच्यातल्याही काहींनी हात जोडले. ती काय म्हणाली हे त्यांना मी अजून सांगितलंही नव्हतं. केशबकाकांनी काठी खाली टाकली आणि डोळे मिटून हरिबोल म्हणाले.

आई माझ्या अगदी जवळून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. तिला थांबताही आलं नसतं, पोचूबाई तिला ओढत नेत होती. आमच्या घराकडे नाही, कोसमटोल्याच्या वाटेने. बाबांनी मागून हाक मारली, "बासूची मा." तिने वळून पाहिलं नाही. बाबा मला म्हणाले, "तू जा तिच्यामागे."

पोचूबाईच्या घरात अंधार होता. तिचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बायको गेल्यापासून त्या घरात चूल पेटली नव्हती, राखेत मांजर झोपलं होतं. पोचूबाईने मांजराला हाकललं, आईला चुलीपुढे बसवलं आणि एका हाताने तिच्यापुढे लाकडं ठेवली. दुसऱ्या हातात आईचं मनगट होतंच. काडी तिने मला ओढायला लावली. जाळ नीट धरला, तेव्हा कुठे तिने हात सोडला.

आई जाळाकडे पाहत बसली. तिच्या लुगड्यातून पाणी गळून जमिनीवर ओघळत होतं. मग तिने मला न पाहता विचारलं, "तांदूळ कुठे ठेवतात, विचार."

तिने भात टाकला. मुगाची डाळ होती, ती शिजवली. पोचूबाईच्या मुलाला उठवून वाढलं. मग आम्ही जेवलो, चौघं, त्याच भांड्यातलं. आमच्या गावातलं तोवर कुणी गोंडाच्या घरी जेवलं नव्हतं. आमच्याकडे काय म्हणतील, हे माझ्या मनात येत होतं. आई खाली मान घालून खात होती.

पुढल्या काही दिवसांत तालुक्याहून जीप आली. डॉक्टरांनी दोन्ही गावांना सुया टोचल्या, आमच्या विहिरीत पांढरी भुकटी टाकली आणि कोसमटोल्याला नाल्याचं पाणी पिऊ नका म्हणून बजावलं. त्यांच्या बायका आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. अडवणार कोण? त्या विहिरीवर आल्या की आधी आमच्या दारात यायच्या, उंबऱ्याला हात लावायच्या आणि मग पाणी ओढायच्या. साथ ओसरली.

त्यानंतर मरीमाय आमच्या मोहाखाली कधी आली नाही. दर आषाढात दोन्ही गावं मिळून तिला नदीवर नेऊ लागली. कोसमटोल्याचा ढोल आणि आमचा खोल बरोबर वाजायचे, आधी बेसूर, मग काही वर्षांनी बरे. केशबकाका कीर्तनात तो प्रसंग सांगायचे. देवीने परक्या मुलखात आपल्या बौदीला निवडलं, आणि आपल्याला या मातीत जागा दिली, असं ते म्हणायचे. आमच्या गुरांना त्यांच्या चराईत वाट मिळाली. त्यांच्या तळ्यात आम्ही मासळीचं बी सोडलं. भांडणं झालीच, तर माणसं आमच्या अंगणात येऊन बसायची. आईने काही सांगावं म्हणून नाही. ती काही सांगायचीच नाही. तिच्यासमोर बसलं की आवाज खाली यायचे, एवढंच.

आजारी पोरं घेऊन बायका यायच्या. आईचा हात उचलून स्वतःच पोराच्या डोक्यावर ठेवायच्या. आई ठेवू द्यायची. बोळवणीच्या दिवशी तिला पुढे उभी करायचे, पाया पडायचे. ती उभी राहायची. गोपाळाला मात्र शेवटपर्यंत बाबाच खाऊ घालत होते. ते गेल्यावर मी घालू लागले.

एकदा मी तिला विचारलं होतं, "मा, खरंच माय बोलली का गं तुझ्या तोंडून?"

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

मी शिकले. मराठीचीच शिक्षिका झाले. गोंडांची पोरं आणि बंगाल्यांची पोरं एकाच वर्गात बसायची आणि मी दोघांनाही एकच कविता शिकवायची. त्या दिवसाची गोष्ट पोरांना आपापल्या घरून माहीत असायची. ती मला सांगायची, बाई, तुमच्या आईला मायने पाण्यात धरून ठेवलं होतं ना. मी हो म्हणायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. पोचूबाई आली होती. ती फार म्हातारी झाली होती. डोळ्यांत फुलं पडून दिसेनासं झालं होतं, नातवाने तिला सायकलवरून आणून सोडलं होतं. आई आत मासे तळत होती. मी पोचूबाईजवळ अंगणात बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पोरं अजून गोष्ट सांगतात, पोचूमाय. तुम्ही दोघींनी टोपली धरून ठेवली होती आणि माय सुटत नव्हती म्हणतात."

"टोपली?" पोचूबाई म्हणाली. "टोपली तं तुह्या मायनं गुडघाभर पान्यातच सोडली होती."

"मग?"

"मंग काय. टोपली सोडली आन चालतच राह्यली." तिने हाताने समोर दाखवलं, आमच्या कुंपणाच्या दिशेने. "तिकडं डोह."

आतून तेलाचा आवाज येत होता.

"मले आधीच समजलं होतं," ती म्हणाली. "मोहाखाली टोपलीत डोकावली ना, तवाच. पोरी, माह्याही मनात तेच होतं त्या दिवशी. टोपली सोडाची आन आपनबी जाचं. मनून तं मी मांगं मांगं गेलो. पान्यात पाहतो तं ही माह्याही पुढं. मंग मी तिचं मनगट धरलं. ती तिकडं ओढे, मी इकडं ओढो."

"काय बोलत होता तुम्ही?"

"मी मनत होतो, माह्या घरी चूल नाही पेटली, तू चाल, तू पेटव. दुसरं काही सुचलंच नाही. तिले काय समजलं देवाले मालूम."

"आणि माय बोलली म्हणालात ते?"

"काठावर सारं गाव पाह्यत होतं. खरं सांगतलं असतं तं काय झालं असतं? तुमची लोकं मनले असते, बाई येडी झाली. आमची मनले असते, मायनं टोपली घेतली नाही, आता सारे मरनार. कुऱ्हाडी हातातच होत्या."

"देवीच्या नावाने खोटं बोललात?"

दिसत नसलेले डोळे तिने माझ्याकडे वळवले.

"खोटं काहून, पोरी? मायनं हिले नेलं नाही. मलेबी नेलं नाही. मंग बोललीच ना."

थोड्या वेळाने मी उठून आत गेले. आई पाटावर बसून कढईतले तुकडे उलटत होती. पाठीला बाक आला होता, केस पांढरे. मी तिच्याजवळ खाली बसले.

"मा, पोचूमाय सांगत होती. त्या दिवशी टोपली सोडल्यावर तू पुढे चालतच राहिली होतीस."

तिने एक तुकडा उलटला. "हो," ती म्हणाली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं?"

"ती पाण्यात तुला काय म्हणत होती, कळलं होतं तुला?"

"मला कुठे येत होती तेव्हा तिची भाषा." तिने झारा कढईच्या काठावर ठेवला. डाव्या हाताचं मनगट तिने उजव्या हाताने धरलं, आणि तशीच बसून राहिली. "जंगलात लाकडं फोडणारी बाई ती. असं धरलं होतं की हाड मोडेल. सोडच म्हणेना. दुखलं." ती जाळाकडे पाहत होती. "सुबल गेल्यापासून मला काही दुखलंच नव्हतं, बासू. पुढे कितीतरी दिवस मनगट दुखत राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही."

मग तिने झारा उचलला, एक तुकडा काढून ताटलीत ठेवला आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"हा पोटाकडचा आहे, तिला दे," ती म्हणाली. "काटे काढून दे. तिला दिसत नाही आता."